वर्षभर सण नाही

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही. गोडधोड नाही, तोरण नाही, कुणाला शुभेच्छा देणं नाही. हे गेले दिवाळीच्या तोंडावर. तेव्हापासून मी नियम नेटाने पाळते आहे. बंगळूरच्या आमच्या अनीशलाही तो सोयीचा पडतो. "आई, यंदा काही नाहीच ना, मग पुढच्या वर्षीच येतो." सण नसला की रजाही टाकावी लागत नाही.

खरं तर लखनौत सण करावा तो यांनीच. रेल्वेच्या नोकरीने आम्हाला इथे आणलं आणि विकास नगरातल्या या गल्लीत हे असे रुळले, की होळीला सगळ्यांत आधी यांनाच रंगवत. मी आपली स्वयंपाकघरात. माझं कुणाशी नमस्तेच्या पुढे गेलंच नाही.

तर रंगाच्या दिवशी सकाळी मी खिडक्या लावून बसले होते. बेल वाजली. दार उघडलं तर समोरच्या अवस्थीभाभी, मागे गल्लीतली चार-सहा माणसं, हातात गुलालाचं ताट. माझं डोकंच फिरलं.

"शर्म नहीं आती? इस घर से आदमी गया है, और आप लोग होली खेलने आए हैं?"

अवस्थीभाभींनी ताटावर पदर ओढला आणि सगळे निमूट परत गेले. मी दार आपटलं. फार बरं वाटलं, पण थोडाच वेळ.

कारण गल्लीत आवाजच येईना. ढोल नाही, पिचकाऱ्या नाहीत, पोरांचा आरडाओरडा नाही.

वरच्या मजल्यावरची अश्लेषा खाली आली. घराणं अकोल्याचं, जन्म इथला. मराठी कळतं, तोंडातून मात्र हिंदीच येतं.

"आंटी, आपने उन्हें लौटा दिया?"

"मग काय ओवाळायचं होतं?"

"अरे, वो खेलने थोड़े ही आए थे! जिस घर में ग़मी हुई हो, पहली होली पर मोहल्ला पहले वहीं जाता है. ज़रा-सा गुलाल लगाते हैं, दो मिनट बैठते हैं, तब उस घर का त्योहार खुलता है. आपके यहाँ हुए बिना कोई कैसे शुरू करे?"

आमच्यात असं नसतं, मी म्हटलं. म्हटलं खरं, पण आलेल्यांपैकी एकाच्याही अंगावर रंगाचा ठिपका नव्हता, हे आत्ता आठवलं. ज्यांच्याशी मी कधी धड बोलले नाही, ते माझ्यासाठी सगळा सण थांबवून बसले होते. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त रडू आलं.

चपला घातल्या आणि समोर गेले. अवस्थीभाभी पायरीवर बसल्या होत्या, ताट शेजारी. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. ऐनवेळी सगळं विसरले.

"हमारे यहाँ साल भर त्योहार नहीं करते," मी म्हणाले. "लेकिन साल बहुत लंबा है, भाभी."

त्या उठल्या. चिमूटभर गुलाल घेऊन त्यांनी माझ्या कपाळाला लावला, मग दोन्ही गालांना. हे गेल्यानंतरचे तेरा दिवस सरले, तेव्हापासून मला कुणाचा हात लागला नव्हता. भाजीवाला पिशवी देतो, बँकेतला पासबुक देतो. हात कुणी लावत नाही. ते मला तोवर कळलंच नव्हतं.

त्या हात मागे घेऊ लागल्या, तसा मी तो धरला.

"और लगाइए," मी म्हणाले.