ऐनाचं वजन

"फांद्या झाल्या, आता मुळं," बाई म्हणाल्या, आणि नामा कोयता टेकून त्यांच्याकडे बघतच राहिला.

साठीचा नामा कडावचा भातशेतकरी. गावामागच्या उतारावर त्याची ऐनाची बारा झाडं होती. बाई मुंबईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांना एक अख्खं झाड पानापासून मुळापर्यंत तोलायचं होतं. असलं खूळ नामानं जन्मात पाहिलं नव्हतं. पण झाडं तशीही जाणारच होती, म्हणून त्यानं एक हसत हसत देऊन टाकलं.

दर माघात नामा ऐनावर चढायचा, फांद्या छाटायचा आणि तो सगळा पालाफाटा भाताचं रोप टाकायच्या जागेवर पसरून जाळायचा. हा राब. राब भाजल्याशिवाय कडावात कुणी भात पेरत नसे. चाळीस वर्षं हेच चाललं. मग मुलगा गजा खोपोलीच्या कारखान्यात लागला, घरात पोत्यातलं खत आलं आणि नेरळच्या एका माणसानं कोंबड्यांच्या शेडी बांधायला उतार मागितला. राबच नाही तर ऐन काय पुजायचे? नामानं शब्द देऊन टाकला.

वखारीतून आणलेला काटा तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगला होता. दिवस कलता कलता शेवटचं मूळ तोलून झालं. बाईंचे किलो नामाला उमजेनात, तेव्हा त्यांनी मणात सांगितलं. झाड अठ्ठावीस मण भरलं.

"दर वर्षी एका झाडाचे किती भारे काढता?"

"पाच. कवा सा."

बाईंनी एक भारा तोलायला लावला. अर्धा मण आणि वर थोडं. त्या वहीत काहीतरी मांडत बसल्या आणि मग त्यांचाच आवाज बारीक झाला.

"नामाकाका, चाळीस वर्षांत तुम्ही एका झाडाकडून शंभर मण घेतलंत. आणि झाड उभंच."

"मातीनं दिलं, बाई. आमी काय केलंय त्यात?"

"शंभर मण माती गेली असती तर इथे विहीर झाली असती. मातीनं चिमूटभर दिलं. बाकी पाणी आणि हवा. तुमच्या लाकडात जो कोळसा असतो ना, तो सगळा हवेतला. पानं ओढून घेतात."

"ह्या हवेतला?"

नामानं हात पुढे केला. तळव्यावर काहीच नव्हतं. तो कितीतरी वेळ त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला. मग उरलेल्या अकरा झाडांकडे त्यानं मान वर करून पाहिलं. छाटून छाटून बोडकी केलेली, गाठाळलेली झाडं. त्यांना तो उभा जन्म मुकी, आयती समजत आला होता. आता त्याला त्यांची भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज वाटली.

"आन् जाळल्यावं?"

"परत हवेत जातो. झाड पुन्हा फुटलं की परत ओढून घेतं."

"आन् इथं शेडी झाल्यावं?"

बाईंनी वही मिटली.

घरी आल्या आल्या त्यानं विषय काढला. "गजा, उतार नको देऊ रं."

"बाबा, शब्द तुमी दिलाय. मी नाय."

हे खरंच होतं. नामानं आजवर दिलेला शब्द फिरवला नव्हता. तो ओटीवर टेकला. मग म्हणाला, "बरं. पर औंदा राब मी भाजणार."

"खत आणलंय की घरात."

"असू दे."

अकरा झाडं त्यानं एकट्यानं छाटली. साठीच्या माणसाला शोभत नाही, असं सोनुबाई, त्याची बायको, रोज म्हणायची आणि रोज भारे वाहायला यायची. फाल्गुनात नेरळवाल्याचे लोक आले, झाडं पाडून बुंधे टेंपोत घालून घेऊन गेले. खताचं पोतं कोपऱ्यात ठेवून राब भाजायला निघालेल्या म्हाताऱ्याची गावानं यथेच्छ टिंगल केली.

चैत्रातल्या एका सकाळी नामानं वाऱ्याच्या उलट अंगानं राब पेटवला. आग दबकत सरकू लागली, धूर जाड होऊन वर निघाला.

"बाबा, मागं सरा, डोळ्यात जाईल," गजा म्हणाला.

"जाऊ दे रं. त्याला आता परतायला जागा नाय."

चाळीस वर्षं राब भाजताना तो खाली बघायचा, कुठं कच्चं राहिलंय का ते. आज राख कशी पडली ते त्यानं पाहिलंच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तो वर बघत उभा होता.