सुई धरणारे हात

सकाळी साडेपाचला मी मोटरसायकल बाहेर काढतो. सहा ते नऊ या वेळात दहा-बारा घरी जायचं, तपासणीसाठी रक्त काढायचं, नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवून लॅबला पोचवायच्या, हे माझं काम. एकतीस वर्षं तेच करतोय. माझी सुई कळतच नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं, असं कधीतरी कुणीतरी म्हणालं आणि तेव्हापासून मी मुंगीकाका झालो. बायको म्हणायची, "लोकांना मुंगी, आम्हाला मात्र डास. दिवसभर कानाशी गुणगुण."

ती गेल्या थंडीच्या शेवटी गेली.

या थंडीत माझी सुई चुकायला लागली. आधी एका बाईंच्या हातावर चुकली. दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा रक्त आलं. मग एका आठवड्यात चार घरी तसंच झालं. एका आजींचा हात काळानिळा पडला. त्यांच्या सुनेने लॅबला फोन केला आणि सांगितलं, "तुमच्या मुंगीचा विंचू झालाय. दुसरं कुणीतरी पाठवा."

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण कामात कडक.

"काका, सोमवारपासून काउंटरला बसा. नावं लिहून घ्यायची, लेबलं चिकटवायची. जागा उबदार आहे."

"मॅडम, घरं माझ्याकडेच राहू द्या."

"त्रास घरांनाच होतोय ना पण."

त्यांचं खरं होतं. काउंटर वाईट नाही. पण ही गेल्यापासून दिवसभरात माझ्यासाठी कुणी दार उघडतं, ते या सकाळच्या घरांमध्येच. आजारी माणसं असतात, चिडलेली असतात, उपाशी असतात, तरी 'या' म्हणतात. हे काही बाईंना सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, "एक संधी द्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "ठीक आहे. सोमवारी माझी शुगर तपासायची आहे. पहिलं घर माझं. नेहमीसारखे गाडीवरून या. एकदाच टोचायचं. जमलं तर घरं तुमची, नाही तर काउंटर."

बाईंच्या शिरा खोल आहेत. लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांचं रक्त काढायची वेळ आली की पोरी एकमेकींना पुढे ढकलतात. माझ्याकडे पाच दिवस होते.

माझा हात का चुकतोय ते मला माहीत होतं, असं मी धरून चाललो होतो. ही आजारी असताना तिचं रक्त घरी मीच काढायचो. शेवटच्या वेळी मला तिची शीर सापडली नाही. तीनदा टोचलं. शेवटी लॅबमधल्या मुलीला बोलवावं लागलं. त्यानंतर आठ दिवसांत ती गेली. माझा हात तिच्याबरोबर गेला, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

मुलीला फोनवर एवढंच सांगितलं, की गाडीवर बोटं बधिर होतात. "बाबा, गारठा वाढलाय. मी हातमोजे पाठवते."

आले. असे जाड, की क्लच धरला तर गादी धरल्यासारखं वाटायचं. दहा मिनिटांनी आत थंडी शिरायचीच. मग मी माझी अक्कल चालवली. आमच्याकडे तपासणीच्या रबरी मोज्यांचे डबेच्या डबे असतात. त्यातली एक जोडी आत घातली. वाटलं, वारा लागणार नाही. वारा लागला नाही, पण आत घाम सुटला, आणि तो गार झाल्यावर बोटं पाण्यातून काढल्यासारखी झाली. सिग्नलला थांबलो की हात इंजिनला लावून शेकायचो. कातडी भाजायची, आतलं बोट तसंच बधिर. ही सगळी खटपट मी करत होतो, पण ती गाडी नीट चालवता यावी म्हणून. सुईशी तिचा संबंध मी जोडलाच नव्हता.

गुरुवारी तारवाल्या काकांच्या घरी गेलो. वय अठ्ठ्याहत्तर. टेलिफोनच्या खात्यात होते, उभा जन्म मोटरसायकलवर शिडी बांधून खांबाखांबावर फिरले. महिन्यातून एकदा त्यांची शुगर असते. मी दंडाला पट्टा बांधला आणि शीर शोधायला लागलो. शीर डोळ्यांनी शोधत नाहीत. बोटाने दाबायचं, खालून ती किंचित उसळते. मी दाबत राहिलो. काही कळेना.

काकांनी हात मागे घेतला आणि माझी बोटं मुठीत धरली.

"ही बोटं आहेत का पकडीचे दांडे?"

"हात गेलाय काका माझा."

"कुठे गेला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते दंडाचा पट्टा सोडता सोडता सांगून टाकलं. काकांनी मध्ये एकदाही 'अरेरे' केलं नाही. ऐकून झाल्यावर विचारलं, "उन्हाळ्यात किती चुकलास?"

मी आठवायला लागलो. एकदाही नाही.

"पावसाळ्यात?"

नाही. दिवाळी उलटेपर्यंत एकदाही नाही. हे मला कुणी न सांगताही कळायला हवं होतं.

"मग हात गेलेला नाही, गारठलाय," काका म्हणाले. "मला खांबावर चढायच्या आधी हात जिवंत लागायचा. नाही तर पाना सुटून खालच्याच्या डोक्यात. आत काय घातलंयस?"

"शर्ट."

त्यांनी माझ्या जॅकेटची चेन खाली ओढून खात्री करून घेतली. "अरे, छाती गार पडली की शरीर हाताला ऊब देतंय होय? ते आधी स्वतःचं बघतं. सकाळी खाऊन काय निघालास?"

"काही नाही."

"पेशंट उपाशी, कारण त्याची तपासणी आहे. तुझी कसली तपासणी आहे?"

मी हसलो. खूप दिवसांनी हसलो असेन, कारण घसा दुखला.

मग मला ती सकाळ आठवली. त्या दिवशीही मी नऊ घरं करून गाडीवरून सरळ तिच्या खाटेपाशी आलो होतो. हात न शेकता सुई घेतली होती. दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, किती गार पडलेत हात तुमचे," आणि माझे दोन्ही हात तिने पांघरुणात ओढून घेतले होते. मला वाटलं, ती माझी समजूत काढतेय. ती फक्त खरं ते सांगत होती. मी आणखी थोडा वेळ हात आत ठेवायला हवे होते. मी घाई केली. पण घाई करणं वेगळं आणि हात जाणं वेगळं.

काकांनी मला चहा दिला. हात काखेत घालून पाच मिनिटं बसायला लावलं आणि मग दंड पुढे केला. शीर पहिल्या दाबालाच लागली.

निघताना म्हणाले, "रविवारी गाडी घेऊन ये. तेलाचे दोन रिकामे कॅन आण. आणि स्वेटर नाही का तुझ्याकडे?"

स्वेटर होता, पण ट्रंकेत. थंडीचे कपडे ती ट्रंकेत ठेवायची, तिचे आणि माझे एकत्र, आणि थंडी पडली की दरवर्षी तीच काढून द्यायची. वर्षभर मी ती उघडली नव्हती. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर उघडली. तिचा वास येईल या भीतीने इतके दिवस टाळलं होतं. वास डांबरगोळ्यांचा आला. तिची लोकर वर होती, माझी खाली. मी तिची शाल बाजूला काढली, माझे दोन्ही स्वेटर घेतले, आणि शाल परत घडी करून ठेवली.  मग स्वेटर उन्हात टाकले.

रविवारी काकांनी पाच लिटरचे कॅन मधून कापले आणि हँडलच्या दोन्ही टोकांना, क्लच आणि ब्रेकच्या पुढे, अशा बेताने आवळले की वारा मुठीवर येणारच नाही. "मूठ सैल धर," ते म्हणाले, "आवळलीस की रक्त थांबतं, हे तुला मी सांगायचं का? आणि मोजा बाहीच्या वरून घाल, आतून नको. वारा मनगटातून शिरतो."

गाडी भयंकर दिसत होती. सोमवारी सिग्नलला एकाने मान वळवून विचारलं, "काका, गाडीला तेल पाजताय का?" मी म्हटलं, "सर्दी झालीय तिला." पोटात दोन पोळ्या होत्या, अंगात दोन स्वेटर, आणि जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी. धुकं होतं. बोटं गार पडली, नाही असं नाही. पण ती माझीच आहेत हे कळत होतं.

बाईंच्या दारात पोचलो तेव्हा सहाला सात मिनिटं होती. लगेच बेल वाजवली नाही. जिन्यात उभा राहून हात काखेत धरले.

बाई खुर्चीत बसल्या होत्या, बाही वर केलेली. मी पट्टा बांधला. डाव्या हाताला दाबून बघितलं, शीर लागली नाही. मागच्या आठवड्यातला मी असतो तर इथेच अंदाजाने टोचलं असतं. पट्टा सोडला.

"मॅडम, उजवा द्या. आणि मूठ जरा उघडमीट करा."

"घाबरलात का?"

"हो."

उजव्या हाताला कोपराच्या बाहेरच्या अंगाला, जिथे सहसा कुणी बघत नाही, तिथे खोल काहीतरी उसळलं. बोट उचललं, परत ठेवलं. परत उसळलं. मी मोजे चढवले, स्पिरिट लावलं, एकदा टोचलं.

नळी भरली.

बाईंनी कापूस स्वतःच दाबून धरला. "टोचलेलं कळलं, खोटं नाही बोलणार," त्या म्हणाल्या. "पण एकदाच."

मग टेबलावरून आजची यादी उचलून माझ्या हातात दिली. अकरा घरं होती. एक घर पुलापलीकडे होतं, जिथे नदीवरचा वारा सरळ अंगावर येतो. नेहमी ते मी ऊन वर आल्यावर, सगळ्यात शेवटी घ्यायचो. आज म्हटलं, तिथूनच सुरुवात करू.