फळीवरची माझी रिकामी जागा

मी पटाशी बोलतेय. सुताराच्या पेटीतली, लाकडात खाच मारणारी, पाऊण इंच रुंद पात्याची. बोलणं जरा टोचेल. धार लावलेल्या बाईकडून गुळमुळीत बोलण्याची अपेक्षा ठेवू नये.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीतला. त्याआधी मी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा होते. जन्मभर धक्के खाल्लेले, त्यामुळे घणाचं भय वाटलं नाही. लोहाराने मला ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि म्हणाला, "ही काही नमायची नाही." नाहीच नमले.

एका सुताराच्या हातात मी चाळीस वर्षं होते. पुढे त्याचे हात थरथरायला लागले आणि मी घरात पडले. घरच्यांनी माझ्या पात्याने रंगाचे डबे उघडले! अपमान गिळला. माणसांची एक खोड मी तेव्हाच ओळखली. आधी कोपऱ्यात टाकतात, मग 'गंजली' म्हणून नावं ठेवतात.

मग सुताराला बोलावणं आलं. तुरुंगातून सुटून आलेल्यांना लिहायला-वाचायला आणि हाताचं काम शिकवणारी एक शाळा होती. सुतार मला घेऊन तिथे गेला आणि 'मास्तर' झाला. भिंतीवर मोठी फळी होती. मास्तरांनी तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवला. ज्याने त्याने आपापल्या जागी टांगलेलं राहायचं.

तिथे मला लांबू भेटला. उंच, खांदे पाडून चालणारा, नऊ वर्षं आत काढलेला. अपूर्णांक दिसले की त्याला घाम फुटे. "मास्तर, अर्धा मोठा की पाऊण?"

"जेवायला बसलास की तुला बरोबर कळतं, मेल्या!"

पण हात सोन्याचा. त्याने बसवलेल्या सांध्यात कागदाची कड शिरत नसे.

एक खोड मात्र जाईना. पाच वाजले की तो मला पुसून फळीवर टांगायचा आणि दाराशी जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहायचा. तुरुंगातल्या कारखान्यात रोज हत्यारं मोजत आणि मग अंगझडती घेत. मास्तर ओरडत, "हात खाली घे! तुझ्या बगला बघायची हौस नाही कुणाला!" सगळे हसत, तोही हसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर.

तो राहायचा थोरल्या बहिणीकडे. एकदा ती शाळेत आली. "मास्तर, हा पाणी प्यायलाही विचारतो हो! म्हटलं, अरे, घागर काय माझ्या सासऱ्याने शिक्का मारून ठेवलीय?" मग आवाज उतरला. "याला काम लागू दे. आमच्या ह्यांनी महिनाभर तोंड मिटून धरलंय. पुढचं मी सांगू शकत नाही."

शिक्षण संपलं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एक हत्यार कायमचं द्यायचं, ही मास्तरांची रीत. लांबूच्या हातात त्यांनी मला ठेवलं. "ही तुझी. उद्या आठला फर्निचरच्या कारखान्यात परीक्षा आहे. मालकीण कडक आहे. आपलं हत्यार न आणणाऱ्याला दारातूनच घालवते."

लांबूचे डोळे भरले. पाच वाजले. आणि त्या शहाण्याने मला पुसून फळीवर टांगलं! हात वर केले, खाली घेतले, गेला. मास्तर बाकीच्यांच्या निरोपात अडकलेले. मी किंचाळले असते, पण देवाने मला जीभ दिली नाही, पातं दिलं.

सकाळी आठला दार धाडकन उघडलं. लांबू धापा टाकत होता. कारखान्याच्या दाराशी पोचून खिसा चाचपला, तेव्हा कुठे त्याला कळलं होतं.

"मास्तर, ती... घेऊ का?"

मास्तर केर काढत होते. मान वर केली नाही. "कुणाची आहे?"

लांबूने माझ्या मुठीवर हात ठेवला.

"माझी."

"मग मला काय विचारतोस?"

त्याने मला खिशात घातलं. दाराशी पाय अडखळले. हात सवयीने वर निघाले, खांद्यापर्यंत आलेही. मग एका हाताने त्याने खिसा घट्ट धरला आणि दुसऱ्याने दार लोटलं.

मालकीण फाटकातच उभी होती. "वीस मिनिटं उशीर."

"हत्यार विसरलो होतो, बाई."

"सुतार, आणि हत्यार विसरतो?"

"नऊ वर्षं तुरुंगात होतो. तिथे संध्याकाळी परत द्यावं लागतं. घरी न्यायचं असतं, हे हाताला अजून पटलेलं नाही."

तिने त्याच्या खिशातून मला उचललं, नखावर धार बघितली. "धार कुणी लावली?"

"मीच."

"चल, मार खाच."

आम्ही मारली. सांधा बसवल्यावर बाईने तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हलला नाही. "उद्यापासून ये. आणि आठ म्हणजे आठ!"

याला दोन वर्षं झाली. धार लावून लावून मी बोटभर झिजले, पण झिजणं गंजण्यापेक्षा केव्हाही बरं. लांबूने बहिणीच्या घरामागे खोली घेतलीय. तिच्याकडे जातो तेव्हा न विचारता पाणी पितो. आता तीच ओरडते, "पेला विसळून ठेव की, लाटसाहेब!"

रविवारी आम्ही शाळेत शिकवायला जातो. फळीवरच्या बाकीच्या जागा नव्या हत्यारांनी भरल्या, माझा आकार मात्र मास्तरांनी अजून रिकामा ठेवलाय. नवा कुणी घाबरून विचारतो, "मास्तर, यातलं एक हरवलं?"

मास्तर म्हणतात, "हरवलं कशाला? कामावर गेलीय ती."

तुमच्या घरात माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल, तर तिला अशा शाळेत पोचवा. आणि रंगाचे डबे उघडायला? घरात चमचे नाहीत का!