फीपायी गेलेला माग

मित्रांनो, महाविद्यालयाच्या दालनात मधोमध उभा केलेला, पॉलिश मारून चकचकीत केलेला जुना हातमाग पाहिलात ना? तोच मी. पाहुणे येतात, माझ्या लाकडावर हात फिरवतात, "काय जुनं काम आहे हो!" म्हणतात आणि चहा प्यायला निघून जातात. माझ्यावर ना ताण्याचं उभं सूत, ना बाण्याचं आडवं. विणकराच्या घरात माग रिकामा ठेवणं अशुभ मानतात, पण इथे शुभाशुभाची कुणाला पडली आहे? तुम्ही लहान आहात, तुमच्याकडे वेळ आहे, म्हणून माझी कथा तुम्हाला सांगतो. गोड नाही ती, आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म मैंदर्गी गावचा. तिथल्या एका सुताराने बाभळीच्या खोडातून मला घडवलं. सिद्धप्पा नावाच्या विणकराने मला गाडीत घालून सोलापुरात आणलं, साखर पेठेतल्या आपल्या खोलीत जमिनीत खड्डा खणला आणि त्यावर मला बसवलं. मी खड्ड्याचा माग. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हाताने धोटा इकडून तिकडे फेकतो. सिद्धप्पा माझ्यावर पंचे विणायचा. त्याची बायको गंगम्मा शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. दोघं आपसात कानडी बोलायची, पेठेत मराठी, आणि माझी खटखट दोन्ही भाषांत सारखीच चालायची. फार सुखाचे दिवस होते ते.

त्यांना उशिरा मुलगा झाला. सोमलिंग. तो उशिरा चालला, त्याहून उशिरा बोलला, आणि जे बोलला ते थोडंच. शाळेच्या मास्तरांनी त्याला परत पाठवलं. डॉक्टर 'मतिमंद' म्हणाले. पेठेने एवढा जड शब्द कशाला वापरावा? पेठ त्याला 'खुळा सोम्या' म्हणायची. पोरं त्याच्या मागे टाळ्या पिटत फिरायची, आणि ती आपल्याशी खेळताहेत असं वाटून हा बिचारा हसायचा.

सिद्धप्पाने मात्र त्याला माझ्यावर बसवलं. खड्ड्यात त्याला पुढे घ्यायचा, त्याच्या पावलांवर आपली पावलं ठेवायचा आणि पावडी दाबायचा. डावा, धोटा, ठोक. उजवा, धोटा, ठोक. वर्षांमागून वर्षं गेली. इतर पोरांना महिन्यात जमणारं काम याला जमायला ती वर्षं लागली, पण जमलं! एक दिवस सिद्धप्पाने आपली पावलं काढून घेतली आणि सोमलिंगची पावलं चालतच राहिली. सिद्धप्पा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत बाहेर गेला. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक झालं असं वाटलं.

सोमलिंगला सुताची गाठ मारता येत नसे. सूत तुटलं की तो थांबायचा आणि हाक मारायचा, "अव्वा, तुटलं!" अव्वा म्हणजे त्याची आई. गंगम्मा यायची, गाठ मारायची, "हं, चल रं राजा," म्हणायची. आणि राजा चालायचा. सिद्धप्पा छातीच्या दुखण्याने गेला, त्यानंतरही त्या दोघांनी माझ्या जिवावर घर चालवलं. बहात्तरच्या दुष्काळातही त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही.

पण गंगम्माचं वय झालं होतं. विणकरांच्या सोसायटीतून तिला सूत मिळायचं. तिथल्या कारकुनाने एकदा सांगितलं, "बाई, तुमच्यानंतर या खुळ्याला सूत कोण देणार? विणकामाचं सर्टिफिकेट आण म्हणावं. ते असलं तर बघू." झालं! तिच्या डोक्यात भुंगा शिरला. आपल्यामागे पोराचं काय, ही काळजी तिला खातच होती. आता तिला वाटलं, तेवढा कागद हाती आला की पोराच्या भाकरीची सोय झाली.

गावाबाहेर एक विणकामाचं महाविद्यालय निघालं होतं. गंगम्मा सोमलिंगला घेऊन तिथे गेली. प्राचार्य मानसिंगरावांनी फी सांगितली आणि तिचे डोळेच फिरले. मग ते स्वतः घरी आले. माझ्याभोवती एक चक्कर मारली, माझी फणी हलवून पाहिली.

"हा माग संस्थेला द्या," ते म्हणाले. "फीचं आम्ही बघतो. तुमच्या मुलाला सर्टिफिकेट मिळेल."

"देते की साहेब," गंगम्मा म्हणाली. "आमच्यात तशीच रीत हाय. पोरगं माजं लई भोळं हाय, पर हात चालतोय त्येचा. तुमी तेवडं सांबाळून घ्या."

ही रीत काय, ते तुम्हाला सांगायला हवं. तिच्या विणकर जातीत पोराला वस्तादाच्या हाताखाली घालताना त्याचा मागही सोबत पाठवतात. वस्ताद चार माणसांसमोर आईच्या हातात नारळ देतो, म्हणजे पोर पदरात घेतलं. शिकेपर्यंत त्या मागावर निघेल ते कापड वस्तादाचं, तीच त्याची फी. शिकून झालं की आई नारळ परत करते आणि पोराला नि मागाला घेऊन घरी येते. मागावाचून विणकर पोर परत पाठवणारा वस्ताद तिने जन्मात पाहिला नव्हता.

मला उचलून गाडीत घातलं आणि महाविद्यालयाच्या दालनात तसाच खड्डा खणून त्यावर बसवलं. महाविद्यालयात समारंभ झाला. व्यासपीठावर मानसिंगरावांनी गंगम्माच्या हातात नारळ ठेवला आणि टाळ्या कडकडल्या. "या गरीब माऊलीने आपला माग संस्थेला दान दिला आहे," असं काहीसं ते पुस्तकी भाषेत बोलले. गंगम्माला टाळ्या ऐकू आल्या आणि नारळ दिसला. तिने तो कपाळाला लावला. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो, अगं बाई, टाक तो नारळ! पण लाकडाला कुठलं तोंड?

मग सोमलिंगचं शिक्षण सुरू झालं. शिक्षण कसलं, कपाळ! इतर मुलं वर्गात बसायची, नव्या उभ्या मागांवर दोरी ओढून धोटा पळवायला शिकायची. सोमलिंगला शिकवायचं काम रावजी मास्तरांकडे होतं. त्यांनी पहिल्या दिवशी त्याला माझ्यावर बसवलं, तो विणतो आहे असं पाहिलं, आणि म्हणाले, "बरं झालं, डोकं खायला नको." त्यानंतर त्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो पंचे विणायचा आणि संस्था ते बाजारात विकायची.

पाहुणे आले की मात्र मानसिंगराव त्यांना हटकून आमच्याकडे आणायचे. एकदा मुंबईचे एक शेठ आले होते. "हा आमचा मतिमंद विद्यार्थी. याला आम्ही मोफत शिकवतो," प्राचार्य म्हणाले. शेठजींनी सोमलिंगच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्या नावाने वर्षाची फी तिथल्या तिथे संस्थेला दिली. मी ऐकतच राहिलो. फी पंच्यांतून वसूल होत होती, शेठजींकडून मिळाली होती आणि मी तर आधीच गेलो होतो. एका भोळ्या पोराला या लोकांनी तीन तोंडांनी खाल्लं.

आणि ती वर्गातली मुलं! बाळासो नावाचा एक मुलगा त्यांचा म्होरक्या. सोमलिंग रंगात आला की हा हळूच यायचा आणि ब्लेडने माझा ताणा कापायचा.

"अव्वा, तुटलं!" सोमलिंग हाक मारायचा.

"अव्वा, तुटलं! अव्वा, तुटलं!" सगळा वर्ग ओरडायचा आणि हसून हसून लोळायचा. सोमलिंग दाराकडे बघत बसायचा. आई येईना, तसा घाबरून रडायला लागायचा. एकदा त्यांनी त्याची पावलं सुतळीने माझ्या पावड्यांना बांधली आणि ती घरी निघून गेली. तो ओलं धोतर घेऊन तसाच बसून राहिला. पहारेकरी ज्ञानबाने दिवेलागणीला येऊन त्याला सोडवलं. "शिकलीसवरलेली पोरं ही, ह्यांच्यापरास मेंढरं बरी!" असं ज्ञानबा पुटपुटला. घरी सोमलिंगने काय सांगितलं असेल? त्याला सांगताच कुठे येत होतं?

परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी सोमलिंगला नव्या उभ्या मागापुढे नेलं. तिथे खड्डा नव्हता, धोटा हाताने फेकायचा नव्हता. त्याने पाय खाली सोडले, ते फरशीला लागले. तो गोंधळून इकडे तिकडे पाहू लागला आणि त्याला मी दिसलो.

"माजा माग तितं हाय," तो म्हणाला.

"बस खाली. या भागाला काय म्हणतात?" परीक्षकांनी विचारलं.

"माजा माग तितं हाय की!"

परीक्षकांनी रावजी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी एवढंच सांगायचं होतं की साहेब, त्या मागावर बसवा, हा सुरेख विणतो. एका वाक्याचं काम होतं. मास्तरांनी मानसिंगरावांकडे पाहिलं, मानसिंगराव खिडकीबाहेर पाहत होते. "जरा कमीच आहे डोकं," मास्तर म्हणाले. सोमलिंग नापास झाला. बाळासोला पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्याचा म्हणून मांडलेला पंचा सोमलिंगने विणलेला होता. माझ्यावरून उतरलेलं कापड मी ओळखणार नाही होय?

गंगम्माला यातलं काही ठाऊक नव्हतं. वर्ष सरलं, शिकणं झालं, एवढंच तिला कळत होतं. ती नवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन आली. बाहेर तिने बैलगाडीही उभी केली होती. तिने नारळ मानसिंगरावांच्या टेबलावर ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

"लई उपकार झालं साहेब. आता पोराला नि मागाला नेते."

"मुलाला न्या. तो नापास झाला आहे," मानसिंगराव म्हणाले. "पुन्हा बसवायचं असेल तर पुढच्या वर्षाची फी भरावी लागेल."

गंगम्माचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, "न्हाय झालं तर न्हाय, त्येचं नशीब. पर माग द्या. घरी बसून इणंल."

"माग कसा देणार? तो तुम्ही दान दिलात. गावासमोर सत्कार घेतलात, नारळ घेतलात."

"त्यो नारळ पोराला पदरात घेतल्याचा हुता साहेब! दान कुटं केलं मी? विणकर कदी माग दान करतोय व्हय?"

मानसिंगराव हसले. खरंच हसले. "बाई, दिलेलं दान परत मागू नये, पाप लागतं," ते म्हणाले आणि त्यांनी शिपायाला बोलावलं.

सोमलिंग माझ्यावरच बसला होता. आईला पाहून तो खुलला. तिने त्याला उठ म्हटलं, तसा त्याने दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. शिपायाने त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो "अव्वा, तुटलं! अव्वा, तुटलं!" असं ओरडत होता. काही तुटलं नव्हतं, पण दुःख सांगायला त्याच्याकडे तेवढेच दोन शब्द होते. गंगम्मा त्याला कवेत घेऊन रिकाम्या गाडीतून गेली. तिने आणलेला नारळ रावजी मास्तरांनी फोडला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं. बाळासोने दोन तुकडे घेतले.

नंतरच्या एका अमावस्येला गंगम्मा आली. त्या दिवशी विणकर काम बंद ठेवून मागाची पूजा करतात. मानसिंगराव गावाला गेले होते, म्हणून ज्ञानबाने तिला आत सोडलं. तिने मला हळद लावली आणि कपाळ टेकलं. "विड्या वळते रं बाबा," ती मला म्हणाली. "त्येला पानं कापाया देते तर ती फाटत्यात. तुझ्या खड्ड्यात पाय सोडून बसतंय दिसभर, नुसते पाय हालवतंय. माग कवा येनार म्हनतंय. काय सांगू त्येला?" ती हळद दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून टाकली गेली.

पुढे ती आली नाही. उन्हाळ्यात गेली, असं ज्ञानबाकडून कळलं. सोमलिंग पेठेत फिरतो. कुणी चहा दिला तर पितो, नाही दिला तर तसाच बसतो. खोलीत नवे भाडेकरू आले आणि त्यांनी खड्डा बुजवून फरशी घातली.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या मास्तर व्हाल, कुणी प्राचार्य व्हाल. एखादी आई असं पोर घेऊन तुमच्या दारात उभी राहील. शिकवणार असाल तरच त्याला आत घ्या. नसेल शिकवायचं तर तिथल्या तिथे तोंडावर 'नाही' म्हणा, दार लावून घ्या. त्या दिवशी मानसिंगरावांनी गंगम्माला नुसतं हाकलून दिलं असतं तरी मी त्यांना देवमाणूस म्हटलं असतं. ती रडत घरी गेली असती. सोसायटीने नाही तर बाजारातून कुणी ना कुणी सूत दिलंच असतं. कारण जे शिकायला तिने पोराला पाठवलं, ते त्याला आधीच येत होतं. फक्त माझ्यावर येत होतं, आणि मीच फीपायी गेलो.