बोटांखालचा रंग

वडील जाऊन तीन आठवडे झाले, तेव्हा कुठे लेकीने कारखान्याचं कुलूप काढलं. इथे लोखंडावर पावडरचा रंग मारून तो भट्टीत भाजत. तिला या धंद्यातलं कळत होतं ते जेवताना वडिलांच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच.

भिंतीशी दवाखान्याच्या खाटांचे चोवीस कठडे उभे होते. पांढरेशुभ्र, कुठे ओघळ नाही की खडा नाही. अंगात त्राण नसताना वडिलांनी हट्टाने हे काम स्वतःकडे घेतलं होतं. धुण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं स्वतः केलं. हे त्यांचं शेवटचं काम. सकाळपासून ती त्या कठड्यांभोवतीच घुटमळत होती.

"काका, आज पाठवून देऊ ना?"

भट्टीवाले काका अठ्ठावीस वर्षं इथे होते. तिच्या वडिलांना ते दादा म्हणत.

"रंग धरलाय का, ती चाचणी राहिलीय. दादांना धीर कुठे होता!"

त्यांनी एका कठड्याच्या टोकाला ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक चिरा पाडल्या, वर चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली. पट्टी कोरीच निघाली.

"बघ! म्हाताऱ्याचा हात आहे हा."

मग दांडीच्या मध्यावर तसंच केलं. या वेळी पट्टीबरोबर पांढरे चौकोन भराभर निघून आले. दुसऱ्या कठड्यावरही तेच, तिसऱ्यावरही. उघड्या पडलेल्या लोखंडावर तांबूस, लांबट गोल डाग होते. तिने वाकून पाहिलं. एक डाग अंगठ्याएवढा होता, शेजारचे चार जरा लहान.

"हे काय लागलंय?"

काका ब्लेड पुसत राहिले. खूप वेळ पुसत राहिले.

"हातमोजे घातले नव्हते त्यांनी. औषधांनी बोटं बधिर झाली होती ना, मोज्यातून खडबडीतपणा कळेना. धुतलेल्या लोखंडावरून तसाच हात फिरवायचे. चोवीसच्या चोवीस. घाम राहिला रंगाखाली, तिथे गंज धरला."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं. मी एकदा उघडा हात लावला होता, तर सगळ्यांसमोर मला 'तुझ्या हाताला काय अत्तर लागलंय का' म्हणाले होते. त्या माणसाला त्या अवस्थेत मी काय बोलणार, पोरी?"

ती कठड्याला टेकून उभी राहिली. "वरून तर काही दिसत नाही."

"सहा महिने नाही दिसणार. तिथे रोज औषधाच्या पाण्याने पुसतात. मग फोड येईल, पोपडा सुटेल. आणि पेशंट उठताना नेमकं इथेच धरतो."

तिला ते ठाऊक होतं. दवाखान्यात वडिलांच्या खाटेच्या कठड्याचा रंग उडालेला होता. शेवटच्या आठवड्यात ते त्याच्या कडेवरून नख फिरवत पडून असत. "कोणी केलंय हे?" म्हणून एकदा नर्सला झापलंही होतं. त्याच कडेने त्यांचा तळवा कापला होता आणि ती जखम शेवटपर्यंत भरली नव्हती.

"उतरवायचं म्हणजे..."

"रसायनाच्या टाकीत घातले की सगळं जातं. रंग, डाग, सगळं."

काकांनी घसा खाकरला. "दवाखान्याला फोन मी करतो. चूक माझी म्हणून सांगतो. मला कोण ओळखतं? दादांच्या नावाला कशाला—"

"नको, काका."

तिने नंबर लावला. कठडे दहा दिवस उशिरा मिळतील, रंग धरला नाही, पुन्हा करतोय, असं तिने सांगितलं. पलीकडच्या भांडारपाल बाईंना खरं वाटेना.

"तुमच्याकडे? अहो, तुमचे वडील होते तोवर असं एकदाही—"

"त्यांच्याच हातून झालं." तिचा आवाज स्थिर होता, याचं तिलाच नवल वाटलं. "आजारी होते. पण चूक त्यांचीच."



"बरं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दहा दिवस."

तिने फोन ठेवला. काका तिच्याकडे पाठ करून पहिला कठडा ओढत होते.

"पलीकडून धर जरा. एकट्याला नाही झेपत आता."

दोघांनी मिळून तो टाकीत सोडला. रंगावर आधी बारीक सुरकुत्या आल्या, मग तो सुटू लागला. दुसऱ्या कठड्यासाठी काका हाक मारेपर्यंत ती बघत उभी राहिली.