चिठ्ठ्यांच्या पाठीवर

जरा जवळ सरका. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. इंग्लंडातल्या आमच्या डर्बीशायरच्या डोंगरातली, खाणीच्या गावातली, एका बाईच्या एका दिवसाची. ऐकून झाली की एक मागणं मागेन, तेवढं मनावर घ्या.

टाचणी गंजली होती. ओढली तशी चिठ्ठीच्या कोपऱ्यावर तांबडा ठिपका राहिला आणि थर्झा बॅगशॉ नखानं तो खरवडत बसली – जणू तो निघाला की बाकीचं सगळं आपोआप मार्गी लागणार होतं. टेबलावर सातशे चिठ्ठ्या, सगळ्या एकाच शब्दाच्या. 'कॉल'. इंग्रजी शब्दांचा मोठा कोश तयार होत होता. देशभरातली माणसं – पाद्री, शिक्षिका, निवृत्त डॉक्टर – पुस्तकं वाचत, एखादा शब्द नीट वापरलेला दिसला की ते वाक्य तळहाताएवढ्या कागदावर उतरवत, खाली पुस्तकाचं नाव आणि साल लिहीत आणि कोशाच्या कचेरीकडे पाठवत. थर्झानंही नऊ वर्षं अशा चिठ्ठ्या पाठवल्या. आता कचेरी एकेका शब्दाचा गठ्ठाच तिच्याकडे धाडू लागली होती. अर्थ वेगळे करायचे, व्याख्या लिहायच्या, गठ्ठा परत. हा आज पाचच्या टपालगाडीनं जायला हवा होता.

पहिला ढीग – लांबून ओरडून बोलावणं. दुसरा – नाव देणं. तिसरा – कुणाच्या घरी थोडा वेळ जाऊन येणं, आणि हाच सगळ्यांत उंच. 'दोघी बहिणी गुरुवारी येऊन गेल्या.' 'पाऊस थांबल्यावर कर्नलसाहेब डोकावले, पण बसले नाहीत.' दोनशे वर्षांचे पाहुणे तिच्या टेबलावर दाटीवाटीनं बसले होते, त्यांच्या ओल्या छत्र्या, त्यांचे उगाच काढलेले विषय... आणि फेब्रुवारीत बाबा गेले तेव्हापासून या घरात चहाचे दोन पेले एकदम बाहेर निघाले ते फक्त बाबांच्या मित्रासाठी, जेबेझभाऊंसाठी.

जवळचे शब्द कुठले, तेही लिहायचं होतं. ओरडणं, आरोळी, हुकमानं हजर करणं. ते सारखे नाहीत. आरोळी कुणासाठी नसली तरी चालतं, वेदनेनंही निघते. हुकूम आला की जावंच लागतं. पण हाक – हाक मारणारा पुढे थोडा वेळ गप्प उभा राहतो. ते गप्प उभं राहणंसुद्धा त्या शब्दाच्या अर्थात धरायचं का? तिनं लिहिलं, खोडलं. संपादक म्हणतील, बाई, व्याख्या द्या, स्तोत्र नको.

जेबेझ फर्निस, चॅपलचे – गावातल्या लहानशा प्रार्थनामंदिराचे – कारभारी, सकाळीच येऊन गेले होते. ओटच्या पोळ्या फडक्यात बांधून आणल्या आणि बूट न काढता दारातच उभे राहिले.

"हे सगळं एका शब्दाचं?" त्यांनी ढिगांकडे पाहिलं. "अगं, मला आख्खं लग्न जुळवायला एवढे शब्द लागले नव्हते."

"एक विचारू, जेबेझभाऊ? पत्त्यांच्या डावात 'कॉल' म्हणजे नेमकं काय करतात?"

"मला काय माहीत? मी चॅपलचा माणूस." मग मान खाजवत म्हणाले, "म्हणजे... खाणीत असताना पोरं खेळायची. समोरच्याला म्हणायचं, दाखव आता तुझी पानं. असं ऐकून आहे हं मी."

"बरंच नीट ऐकलंय."

"लिही, पण माझं नाव नको घालू खाली." ते हसले आणि हसता हसताच त्यांनी तो विषय काढला. "थर्झा, तुझ्या बाबांची, एनॉकची ती वही सापडली का गं? परवाच्या रविवारी चॅपलचा वर्धापनदिन. मंडळी विचारतायत. त्यानं मला सांगितलं होतं, आजार यायच्या आदल्याच आठवड्यात – जेबेझ, या वर्षीचा उपदेश लिहून झालाय, आता फक्त चाल बसायची राहिलीय. मी वाचेन. मला त्याच्यासारखं गाता नाही येणार, पण वाचेन."

"शोधते," ती म्हणाली.

शोधते. हा शब्द तिनं पाच महिने वापरला होता, आधी बाबांना, आता यांना.

कारण वही कुठे आहे हे तिला माहीत होतं. बाबा आठवडाभर दगड फोडायचे आणि रविवारी उपदेश करायचे, म्हणजे गायचेच – सुरुवात बोलल्यासारखी, मग आवाज चढत चढत एका सुरात यायचा आणि मागच्या बाकांवरच्या बायका डोळे मिटून डोलू लागायच्या. उपदेश वहीत पानाच्या एकाच बाजूला लिहीत. सांगून झाला की वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा फाडायचे आणि वही तिच्याकडे टाकायचे, "घे, देवानं ऐकलंय हे. मागची बाजू कोरी आहे, तुझ्या कामाला येईल." अशा कितीतरी वह्या तिनं कापल्या होत्या. त्या जानेवारीत बर्फानं रस्ता बंद होता, कागद संपला होता, खिडकीच्या कट्ट्यावर एक वही पडली होती आणि तिला कोपरा नव्हता. ओलीनं गळून पडला होता तो. पण हे तिला कसं कळावं? – तिनं कात्री घेतली, सरळ रेषेत कापत गेली, दोन दिवसांत चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या, रस्ता उघडताच टपालात टाकल्या. आणि तिसऱ्या दिवशी बाबांची उजवी बाजू गेली, आणि वाचा.

डाव्या हातानं ते खण उघडायचे. एकेक खण, रोज. "काय हवंय, बाबा?" हवेत तळहात मिटून उघडायचे, वहीसारखा. तेव्हा तिला कळलं. आणि ती म्हणाली, शोधते. ते मान हलवायचे, विश्वासानं – तो विश्वास तिला अजून झोपू देत नाही.

दुपारी तिसऱ्या ढिगातून तिचं स्वतःचं अक्षर वर आलं. त्या जानेवारीतली चिठ्ठी. तिनं ती बराच वेळ तशीच धरली. कचेरीत सगळ्या चिठ्ठ्या शब्दाप्रमाणे विखुरतात; त्या चाळीसांतल्या किती या गठ्ठ्यात असतील असा विचार तिनं गठ्ठा आल्या दिवसापासून केला होता आणि तरीही एकही चिठ्ठी उलटली नव्हती. आता उलटली. मग भराभर बाकीच्या. नऊ निघाल्या. उरलेल्या एकतीस कुठल्या शब्दांखाली, कुणाच्या घरी, कुणाच्या टेबलावर – समुद्रकाठच्या एखाद्या पाद्र्याकडे, लंडनमधल्या एखाद्या वकिलाच्या खणात.

तिनं टेबलाचा एक कोपरा मोकळा केला आणि नऊ कागद बाबांचं अक्षर वर करून मांडले. उपदेश आमच्या शेतांच्या दगडी भिंतींवर होता. 'भिंतीला दोन तोंडं असतात, माझ्या भावांनो, आणि लोक तोंडंच बघतात. पण मधे जी बारीक खडी भरलेली असते' – इथे कात्री. 'ती नसेल तर पहिल्या थंडीत भिंत पोट काढते' – कात्री. मग दोन तुकडे ज्यांचं एकमेकांशी काहीच जुळेना. आणि सातवा:

'माझी मुलगी संध्याकाळी खिडकीशी बसून परक्या लोकांसाठी लिहिते. कुणी तिचं नाव छापणार नाही. मी एकदा तिला विचारलं, पोरी, यात तुला काय मिळतं? तेव्हा ती म्हणाली, बाबा,'

बस. पुढे कागदाची कड.

तिनं आठवा तुकडा पाहिला, नववा पाहिला. नाही. मी काय म्हणाले होते? कधी विचारलं होतं त्यांनी? दिवा लावताना? हात धुताना? तिला प्रश्नच आठवेना. इतकी वर्षं तिला वाटत होतं की बाबांना तिचं काम म्हणजे रद्दीचा उपयोग. आणि त्यांनी तर तिचं बोलणं वहीत उतरवून ठेवलं होतं, चाल लावायला घेतलं होतं, सगळ्या मंडळीसमोर ते गाणार होते... ते उत्तर आता फक्त एका कागदाला ठाऊक होतं. आणि त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला तिनंच दुसऱ्या कुणाचं तरी वाक्य स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं.

साडेचार. नऊ चिठ्ठ्या नव्या कागदावर उतरवून बाबांचे कागद ठेवून घ्यायला वेळ होता. पाच उतरवून झाल्या, मग लेखणी थांबली. ती हळू आवाजात वाचू लागली, आधी बोलल्यासारखं. भिंतीला दोन तोंडं असतात. आवाज कोरडा होता, पण तिसऱ्या तुकड्याला तो आपोआप चढला, बाबांचा चढायचा तिथेच, आणि जिथे कात्री होती तिथे ती थांबली नाही. नुसता सूर धरून पुढच्या तुकड्यापर्यंत गेली. सातव्यापाशी आली. तेव्हा ती म्हणाली, बाबा... आणि सूर तसाच लांबवत राहिली, शब्दाची वाट बघत, आणि एकटीच्या घरात कुणीतरी पलीकडे तितकंच गप्प उभं आहे असं तिला वाटलं. भीती नव्हती त्यात. क्षमा होती का, तेही सांगता येईना.

"थर्झा?" बाहेरून जेबेझभाऊंनी विचारलं. "कोण गातंय गं आत?"

दाराची कडी उचलली गेली. कागद उलटे करायला, ढिगात सारायला वेळ होता. पाच महिने ती हेच करत आली होती. तिचे हात मांडीवर राहिले. कागद तसेच, बाबांचं अक्षर वर, मधली रिकामी जागा उघडी. "या, आत या भाऊ," ती म्हणाली, "बूट राहू द्या. मला तुम्हाला काही दाखवायचंय."

एवढीच गोष्ट. आता माझं मागणं. कधी जाड कोश उघडाल, एखाद्या साध्या शब्दाचा अर्थ बघाल आणि लगेच मिटायला जाल, तेव्हा क्षणभर बोट तिथेच ठेवा आणि एनॉक बॅगशॉ या दगडफोड्याची आठवण काढा. त्याचा शेवटचा उपदेश कुणी पूर्ण ऐकला नाही. आणि आठवण काढताना एखादा सूर गुणगुणलात, कुठलाही, तर तो त्याला पोचेल अशी माझी श्रद्धा आहे.