दोन्ही बाजू उसवल्या

सुम्ने ऐक अन्विता. फोन बाजूला ठेव, डोसा खा, पण मध्ये बोलू नकोस. तू पुण्याची, तुला अजून सुम्ने कळत नाही, तर सुम्ने म्हणजे उगीच, गप, काही कारण नसताना, सगळंच. आता सुम्ने म्हणजे गप. ऐक.

आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक गाडी होती. अँबॅसेडरच, पण मागे लांब डबा असतो ना, स्टेशन वॅगन, ती. आजोबांची. भीमसेन टेलर म्हणून शिवरामपेटेत दुकान, ते आता अप्पांचं आहे, तू बघितलंयस. आजोबा शाळांचे युनिफॉर्म शिवायचे. जून आला की गाडीत गठ्ठे भरायचे आणि पिरियापट्टण, टी. नरसीपूर, जिथे शाळा तिथे. अप्पा तेव्हा लहान, गठ्ठ्यांवर झोपून जायचे. अजून म्हणतात, नव्या खाकीचा वास आणि पेट्रोलचा वास एकत्र आला की मला झोप येते.

आजोबा गेले, गाडी शेडमध्ये गेली, ती गेलीच. वीस-बावीस वर्षं. हिरवी होती म्हणे, मी बघितली तेव्हा तपकिरी. मांजरी व्यायच्या तिच्यात. आणि यंदा उन्हाळ्यात साप निघाला. मांजरींवर आईचं काही म्हणणं नव्हतं, सापावर होतं. ती म्हणाली, "गौरीच्या सणाच्या आत ही गाडी आपल्या चाकांवर गेटाबाहेर गेली तर ठीक. नाहीतर मी गुजरीवाल्याला बोलावते." गुजरी म्हणजे भंगार. आणि आई म्हणाली की बोलावते, तुला माहितेय आईला. गुजरीवाल्याचा नंबर तिने फोनमध्ये सेव्हसुद्धा केला, 'गाडी' नावाने.

आणि अप्पा? रात्री जेवताना भात कालवत बसले, खाल्लाच नाही. मग म्हणाले, "कीर्तना, तुझी परीक्षा झाली ना?"

झालं, आम्ही दोघं सुरू.

इंजिनाचं विचारू नकोस, ते गॅरेजवाल्याने काढून नेलं आणि नीट करून देतो म्हणाला. आमच्याकडे राहिला सांगाडा. वायर ब्रशने घास घास घासलं. नाकातून आठवडाभर गंज येत होता, खोटं नाही सांगत. वरचा पत्रा बरा होता. पण दारांच्या खाली लांब पट्टा असतो बघ दोन्हीकडे, पाय ठेवून आत चढतो तिथला, तो सगळा पापडासारखा. बोट घातलं की आत. तो काढून नवीन करायचा होता.

आता माप कसं घ्यायचं? यूट्यूबवर आहे सगळं, पण अप्पा यूट्यूब बघत नाहीत. अप्पा म्हणाले, "कोटाचं करतो तसं करू." म्हणजे काय, की कुणी येतं, वडिलांचा जुना कोट आणतं, म्हणतं असाच नवीन शिवा. अप्पा टेप लावत नाहीत. कोट पूर्ण उसवतात, तुकडे इस्त्री करून सपाट करतात, नव्या कापडावर ठेवतात आणि भोवती खडू फिरवतात. म्हणतात टेप खोटं बोलेल, उसवलेला तुकडा बोलणार नाही. तर गाडीचा पट्टा पण उसवायचा, ठोकून सपाट करायचा, नव्या पत्र्यावर खडू.

डावा पट्टा त्यांनी स्वतः कापला. ग्राइंडर आयुष्यात पहिल्यांदा हातात, पण खडूची रेघ मारली आणि रेघेवरून एक केस इकडे नाही की तिकडे नाही. चाळीस वर्षांचा हात ना. मग ग्राइंडर ठेवला आणि मला म्हणाले, "उजव्याला हात लावायचा नाही. एक बाजू शिवून झाली की मग दुसरी उसवायची. कोटाची पण एक बाही तशीच ठेवतो ना आपण, जोड कसा होता ते बघायला." मी म्हटलं हो.

हो म्हटलं मी. ऐकतेयस ना?

गुरुवारी दुपारी अप्पा दुकानात, आई जेवून आडवी झाली होती. मी शेडमध्ये. उजवा पट्टा माझ्याकडे बघतोय. मला काय वाटलं सांगू, वाटलं अप्पा संध्याकाळी येतील, दोन्ही पट्टे सपाट करून ठेवलेले असतील, म्हणतील शाब्बास. एवढंच. एका शाब्बासकीसाठी. ग्राइंडर लावला आणि कापला. रेघ मारली होती मी, पण ग्राइंडर उड्या मारतो ना, आणि माझा हात घाई करतो. शेवटचा वीतभर राहिला होता आणि गाडी कण्हली. कर्रर्र असं, लांबलचक. मी मागे सरकले. काही पडलं नाही, धडाम वगैरे काही नाही. ती नुसती मधोमध खाली बसली, जुन्या खाटेसारखी. चारी दारं उघडी होती, मी एक लावायला गेले तर लागेना. दुसरं लागेना. चारातलं एक लागेना.

मी तिथेच बसले, अप्पा येईपर्यंत.

अप्पांनी सायकल लावली, बघितलं. एक दार हळूच लावून बघितलं, मग दुसरं. मग म्हणाले, "हात-बित कापला नाहीस ना?" एवढंच. आणि आत जाऊन आईला म्हणाले की गाडी जरा बसली. आई म्हणाली, "उठवा मग. गौरीला आठ आठवडे आहेत."

तर मंजण्णा. मंजुनाथ. कडकोळच्या कारखान्यात वेल्डर. आमचं जुनं गिऱ्हाईक, कारण त्याच्या पँटीला ठिणग्यांची भोकं पडतात आणि अप्पा ती अशी बुजवतात की तुला शोधून सापडणार नाहीत. शनिवारी पँट द्यायला आला तेव्हा अप्पांनी त्याला सांगितलं, आणि रविवारी तो हजर. तो कन्नडात बोलतो, मी तुला आपल्यात सांगते. गाडीखाली गेला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग बाहेर आला, मातीत बसला आणि म्हणाला, "दोन्ही बाजू एकदम कुणी कापल्या?"

आई तिथे उभी. मी तिथे उभी. मी तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं होतं.

अप्पा म्हणाले, "मी."

आता हे तुला सांगायला पाहिजे. आमच्या दुकानात एक रीत आहे, आजोबांच्या वेळेपासूनची. गिऱ्हाईकासमोर कात्री मास्तरचीच. कापड कुणीही बिघडवो, गिऱ्हाईकासमोर मास्तर म्हणणार माझ्या हातून झालं. मागे मी एका डॉक्टरांच्या शर्टाची कॉलर वाकडी कापली, तेव्हाही अप्पा म्हणाले माझी चूक, आणि पदरचं कापड घालून नवीन शिवला. नंतर सुद्धा मला बोलत नाहीत. नुसतं दुसऱ्या दिवशी चिंध्यांवर कॉलरी कापायला बसवतात, पन्नास.

तर मी तोंड मिटलं.

मंजण्णा असा हसला. म्हणाला, "मास्टर, ही चूक शिंप्याशिवाय कुणी करणार नाही. कोट उसवला तर टेबलावर पडून राहतो. गाडी कशावर पडून राहणार? ती शिवणीवरच उभी असते. एक बाजू कापली असती तरी मी शिव्या दिल्या असत्या, पण तरली असती. दोन्ही म्हणजे तुम्ही तिचं कंबरडंच काढलंत." मग म्हणाला, "माझी पँट परत द्या, मी दुसरीकडे दाखवतो."

अप्पा पण हसले. आई नाही हसली. आईने अप्पांकडे असं बघितलं आणि म्हणाली, "चाळीस वर्षं कात्री धरली."

त्या दिवसापासून रविवार म्हणजे मंजण्णा. आठवड्याला त्याला एकच सुट्टी, बरं का. बायको-मुलं सोडून सकाळी आठला आमच्या शेडमध्ये. त्याने मधोमध दोन जॅक लावले आणि गाडी उचलली, पण कशी, एका वेळी बोटाच्या पेराएवढी, मग थांबायचं, मग परत. आणि दर वेळी अप्पा टेप घेऊन दाराच्या चौकटी मोजणार, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उलट. दोन्ही तिरपी मापं सारखी झाली म्हणजे चौकट सरळ. हे मंजण्णाला पण एवढं बारीक जमत नव्हतं. तो म्हणायचा, "मोजायला मास्टर, कापायला नको."

दर रविवारी काहीतरी. कॉफी आली की, "मास्टरना धारदार काही देऊ नका अक्का, चमचा द्या." आई त्यात भर घालायची. अप्पा खाली बघून हसायचे. आणि मी जॅकचा दांडा धरून उभी, अन्विता, माझे कान असे गरम. दर शनिवारी ठरवायचे की उद्या सांगते. आणि रविवारी तो आला की जीभ टाळूला. एकदा स्वयंपाकघरात अप्पांना गाठून म्हटलं, "अप्पा, मी सांगते ना त्याला." तर म्हणाले, "ते गिऱ्हाईक आहे." बास. विषय संपला.

चौथ्या रविवारी नवीन पट्टे बसले. मंजण्णाने आधी पूर्ण वेल्डिंग नाही केलं, वीत-वीतभरावर एकेक छोटा ठिपका. म्हणाला दारं लावून बघा, लागली तर पक्कं करतो, नाहीतर ठिपके तोडतो. अप्पांना काय आनंद. "कच्चा टाका," म्हणाले, "हा पण कच्चा टाका घालतो, हा पण ट्रायल घेतो." दोघं गाडीभोवती फिरत चारी दारं लावून बघत होते. तिसरं दार थोडं घासत होतं. मंजण्णाने तिथले दोन ठिपके तोडले, अप्पांनी पुन्हा मोजलं, पुन्हा ठिपके. आणि मग चौथं दार लागलं. खट्. अगं, त्या आवाजाला मी रडले. मंजण्णा म्हणाला धूर लागला वाटतं पोरीला.

मग भराभर झालं. इंजिन आलं, रंग झाला, हिरवाच, आजोबांचा. अप्पांनी सीटची कव्हरं शिवली, खाकी. मी म्हटलं का खाकी, तर उरलेला तुकडा नाकाला लावून दाखवला.

आणि मागचा रविवार. गौरीला दोन दिवस. मंजण्णा कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घालून आला. आईने गाडीला कुंकू लावलं, मोगऱ्याचा हार, चारी चाकांखाली लिंबं. गेट उघडलं. अप्पांनी चावी फिरवली, एकदा घरघरली, दोनदा, तिसऱ्यांदा लागली. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मंजुनाथ, तू नसतास तर ही गुजरीत गेली असती." आणि मंजण्णा म्हणाला, "काय अक्का, मास्टरनी मारली, मी उठवली, एवढंच."

अप्पा स्टीअरिंगला हात ठेवून हसत होते. खरंच हसत होते, वाईट वाटून नाही. त्यांना गाडी मिळाली होती ना. आणि मला ते हसणं बघवेना. मी म्हटलं, "मंजण्णा, उजवी बाजू मी कापली. अप्पांनी नको म्हटलं होतं."

 इंजिन तेवढं चालू.

मंजण्णा म्हणाला, "माहितेय."

मी म्हटलं काय?

"पहिल्या दिवसापासून माहितेय. दोन्ही तुकडे त्या भिंतीला टेकवून ठेवलेत तुम्ही. डावा बघ, जसा आखला तसा. उजवा बघ, म्हैस चालत चालत मुतते तसा. एका हाताचे आहेत का ते?" मग जरा हळू म्हणाला, "सात रविवार मी तुझ्यासमोर त्यांना बोलत होतो. म्हटलं बघू, ही पोर कधी बोलते."

जमीन फाटावी असं म्हणतात ना, ते.

आणि अप्पा चिडले. माझ्यावर नाही, मंजण्णावर. "तुला माहीत होतं तर गप बसायचं होतंस," म्हणाले, "दुकानातली गोष्ट आहे ती." मंजण्णाने हात जोडले, पण हसत. आई आत गेली आणि अप्पांसाठी कॉफी घेऊन आली. साखर घातलेली. त्यांना साखर बंद आहे, सहा वर्षं झाली.

अप्पांनी ती सगळी प्यायली, गाडीतच बसून. मग उतरले, फिरून डाव्या दाराने आत बसले आणि मला म्हणाले, "चल. स्टीअरिंगला बस."

मी म्हटलं अप्पा, पहिल्यांदा तुम्ही न्या, तुमची गाडी आहे. तर म्हणाले, "क्लच हळू सोड."

लिंबं फुटली चारी. गेटातून निघाली, दोन्ही बाजूंना हातभर जागा होती तरी मी श्वास धरून. मंजण्णा मागच्या डब्यात बसला होता पाय पसरून, त्याला बसायचंच होतं तिथे. रिंग रोडपर्यंत गेलो. वळायच्या जरा आधी मी शेजारी बघितलं तर अप्पा डोळे मिटून, डोकं मागे टेकून. झोपले होते, अन्विता. पाच मिनिटांत.

मंजण्णा काही घेत नाही. सात रविवारांचं काही म्हणजे काही घेतलं नाही. म्हणून आता मी त्याच्यासाठी वेल्डिंगचा कोट करतेय, जाड कॅनव्हासचा, ठिणगी आत जाणार नाही असा. काल अप्पांनी कापड टेबलावर पसरलं, कात्री माझ्यापुढे ठेवली आणि बाहेर जाऊन बसले. मी कापला. एकटीने. एक बाही तर आधी तीनदा कागदावर कापली.

तर झालं. आता बोल. पण खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून नको. तो पहिला रविवार, आई उभी आहे, फोनमध्ये गुजरीवाला आहे, मंजण्णा मातीत बसून विचारतोय कुणी कापलं, आणि अप्पा म्हणतात मी. तू असतीस तिथे, तर काय केलं असतंस?